वखारीत निजलेली पोरं

निपाणीत आमचं घर तंबाखूच्या वखारीमागच्या गल्लीत. आप्पा बैलगाडी घेऊन महिना महिना बाहेर असायचे, म्हणून आई वखारीत तंबाखू चाळायला जायची आणि धाकट्या भावाला कडेवर घेऊन मीही तिच्या मागं, तिच्या हाताखाली काड्या वेचायला. पोर रडलं की बाईचा हात थांबायचा, आणि हात थांबला की मुकादम तिला बाहेर काढायचा. त्यावर बायकांनी तोड काढली होती. सकाळी निघताना पोराला अफूची बारीक गोळी चारायची. चोरून नव्हे हो, तेव्हा सरकारी ठेक्याच्या दुकानात उघड मिळायची अफू! दिवसभर पोत्यांवर निपचित पडलेल्या त्या लेकरांना सगळ्याजणी वरून गुणी म्हणायच्या. आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. दीड वर्षाचा झाला तरी आमचा भाऊ धड बसत नव्हता.

मग त्याच साली तंबाखूचा भाव कोसळला आणि वखारीला कुलूप लागलं. कण्या आणि रानातली भाजी खाऊन आम्ही दिवस काढले. अफूला पैसा कुठला? भावानं रडून रडून घर डोक्यावर घेतलं, वैतागून आईनं त्याला बडवलंही. पण हळूहळू त्याचे डोळे उघडे राहायला लागले. भिंतीला धरून उभा राहिला. एकदा माझ्या परकराला लोंबकळत चक्क ‘आक्का’ म्हणाला. खोटं कशाला सांगू, पोटात कावळे ओरडत असले तरी ती वखार कधीच उघडू नये असं मला वाटायचं.

उघडली. गल्लीत सण असल्यासारखी धांदल उडाली. आईनं कुणाकडून तरी उसनी अफू आणली होती, ती गुळात मळायला बसली. मी तिचा हात धरला.

"आये, नगं दिऊ. मी बघीन की त्याला घरात."

आई चिडली नाही. चिडली असती तर मलाही भांडता आलं असतं.

"आजपासनं तुलाबी रोजावर घेत्यात. मग त्याला कोण बघणार, मुकादम?"

मी भावाला मांडीवर ओढलं आणि त्याच्या तोंडावर हात ठेवला. काय करणार होते मी तरी? त्यानं माझा हात बाजूला सारला आणि आपणहून तोंड उघडलं. कितीतरी दिवसांत त्याला गूळ मिळाला नव्हता.