माझ्या हाताचा विटाळ

नांदगाव खंडेश्वरच्या बाजारात मला मिरचीच्या रोपांची बुढी म्हणतात. माझी आणि सुनेची हकीकत गावात फिरते, पण ती अर्धीच. उरलेली अर्धी माझ्याविरुद्ध आहे, म्हणून मीच लिहिते. चौथीपर्यंत शिकले आहे, तेवढ्यात जमेल तसं लिहीन.

घरामागे अर्ध्या एकरावर मी मिरची आणि टमाट्याची रोपं करते. वाफ्यात बी टाकायचं, रोप वीतभर झालं की उपटायचं, जुड्या बांधायच्या, बाजाराला न्यायच्या. मुलगा अकोटला जिनिंगमध्ये मेकॅनिक, आठवड्यातून एकदा येतो. त्यामुळे घरात मी, सून आणि तिची शाळेत जाणारी मुलगी. सून मूर्तिजापूरकडची, बारावी झालेली. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी तिनं अकोल्याला जाऊन रोपवाटिकेचं आठवड्याचं शिक्षण घेतलं आणि घरी हिरवी जाळी, प्लास्टिकचे खणाखणांचे ट्रे आणले. मला तो शहाणपणा आवडला नव्हता. रोपं चांगली निघू लागली, तरी आवडला नाही.

तंबाखू मी पंधराव्या वर्षापासून खाते. दाढ दुखायची म्हणून सुरू केली, दाढ पडून गेली आणि तंबाखू राहिली. कमरेला चंची, तळहातावर तंबाखू-चुना मळायचा, चिमूट ओठाखाली ठेवायची आणि हात लुगड्याला पुसून कामाला लागायचं.

त्या वर्षी मृगानंतर रोपांवर रोग आला. पानांवर पिवळे-हिरवे चट्टे, कोणी रंग नीट न कालवता फासावा तसे. शेंडे आखडलेले. आमच्याकडे मिरचीचं पान आखडलं की त्याला बोकड्या म्हणतात, तो पांढऱ्या माशीनं येतो. मी फवारे मारले. माशी दिसली नव्हती, तरी मारले. उपयोग झाला नाही. बाजारात एक नेहमीचं गिऱ्हाईक चारचौघांत म्हणालं, "बुढे, मागच्या खेपेले रोपं देली का कावीळ झालेली लेकरं? अर्धं वावर पिवळं पडलं माहं." लोक हसले. मी त्या दिवशी उरलेल्या जुड्या तशाच घरी आणल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातल्या पाच बाया रोपं उपटायला आल्या होत्या. सून डोक्यावरून न्हाऊन, ओले केस बांधून वाफ्यावर आली. तो तिचा न्हायचा वार नव्हता. मी हिशेब केला आणि विचारलं, "आज डोक्याहून न्हाली तू. मंग चार दिवस कुठी होती?"

"इथीच होती आई. काम कोण करन?"

"वाफ्यात?"

"हो, वाफ्यात."

ती लपवतही नव्हती, त्याचा मला जास्त राग आला. माझ्या सासूनं मला शिकवलं होतं, बाहेर बसलेल्या बाईची सावली पडली तरी मिरची जळते, लोणचं नासते, पापड लाल होतात. मी आयुष्यभर ते पाळलं होतं. पाच बायांसमोर मी तिला म्हटलं, "तरीच! तुह्या इटाळानं माहे वाफे जाळले. बाजारात माही नाचक्की तुह्याच्यानं झाली."

एक बाई तोंडाला पदर लावून हसली. दुसरीनं सुनेजवळची आपली टोपली उचलून पलीकडे ठेवली. सून हातातली पाण्याची झारी खाली ठेवून घरात गेली.

तिनं अकोल्याच्या मॅडमला फोनवर पानांचे फोटो पाठवले. शिक्षण देणाऱ्यांतलीच ती मॅडम, वयानं लहानशी, पायात बूट. चार दिवसांनी ती स्वतः आली. तिनं भिंगातून पानं पाहिली, पालथी करून पाहिली.

"पांढरी माशी इथं नाहीच. फवारे कशाला मारले?" मग ती म्हणाली, "रोपांना हात कोणाकोणाचा लागतो? तंबाखू कोण खातं?"

मी पिंक टाकून म्हटलं, "मी खाते. काहून?"

"आजी, तंबाखूच्या झाडाला एक विषाणू होतो. पान सुकलं, पुडीत भरलं, वर्षं गेली तरी तो टिकून राहतो. सगळ्याच पुड्यांत नसतो, यंदाच्या पुडीत असणार. तुम्ही तंबाखू मळता, तो हाताला लागतो. त्याच हातानं रोप धरलं की पानाला बारीकशी इजा होते, दिसतही नाही एवढी. तिथून तो आत शिरतो. मिरचीत, टमाट्यात, दोन्हींत."

"मंग मी काहून नाही मेली? साठ वर्षं झाले खाऊन राहिली."

"तुमच्यात त्याला राहताच येत नाही. विषाणूला वाढायला जिवंत घर लागतं. कोरोनाच्या विषाणूला माणसाचं लागायचं, ह्याला झाडाचं लागतं. तुम्ही त्याची नुसती बैलगाडी."

बाया हसल्या. "बुढी बैलगाडी झाली व!" मला ते झोंबलं. मॅडम पुढे म्हणाली, पाळीच्या बाईच्या हातात रोपाला मारणारं काहीही नसतं. मी म्हटलं, "हे पुस्तकातलं सांगता का डोळ्यानं पाह्यलं?"

"तर पाहू या," ती म्हणाली.

कोपऱ्यातल्या एका वाफ्याला तोवर कोणाचा हात लागला नव्हता. तिथली कोवळी रोपं काढून दोन ट्रे भरायचे ठरले. एक सुनेनं भरायचा, तिच्या पुढच्या पाळीच्या दिवसांत, साबणानं हात धुऊन. एक मी भरायचा, रोजच्यासारखी तंबाखू खाऊन. सुनेच्या ट्रेला लाल चिंधी, माझ्या ट्रेला पांढरी. माझी इतकी खात्री होती की मी बायांनाही सांगून ठेवलं, पंधरा दिवसांनी पाहायला या.

तेराव्या का चौदाव्या दिवशी सकाळी मी हिरव्या जाळीखाली ठेवलेले ट्रे पाहायला गेले. सून दूध घालायला डेअरीवर गेली होती. लाल चिंधीचा ट्रे हिरवागार होता. पांढऱ्या चिंधीच्या ट्रेत पानोपानी चट्टे.

मी बराच वेळ उभी होते. मग दोन्ही चिंध्या सोडल्या आणि बदलून बांधल्या. गाठ मारताना हात थरथरले असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. ते थरथरले नाहीत. नंतर बाहेर येऊन मी तंबाखू मळली.

मॅडम आली, बायाही आल्या. ट्रे पाहून मॅडमचा चेहरा उतरला. "असं व्हायला नको होतं," ती दोनदा म्हणाली. "ट्रे कोणी हलवले का?" मी म्हटलं, "कोण हलवते?" सून लाल चिंधीच्या ट्रेवर वाकली. एकेका खणावरून बोट फिरवत राहिली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला झाली. मॅडम म्हणाली, पुन्हा एकदा करून पाहू. मी म्हटलं, "पुरे झालं मॅडम. तुमचंही समाधान झालं, आमचंही." ती पोरगी मान खाली घालून गेली. बायांना माझंच खरं वाटलं. मलाही दोन दिवस बरं वाटलं. हेही लिहायला पाहिजे.

पुढे काय झालं ते सगळं माझ्यामुळे झालं. गावात कोणी सुनेला लावणीला बोलवेना. दर महिन्याला चार दिवस मी तिला मागच्या शेडमध्ये बसवू लागले, जिथं फवारणीचा पंप आणि खताच्या गोण्या असतात. ती पॅड वापरायची. ते खड्ड्यात पुरले तर माती बाटेल म्हणून मी बंद करायला लावले आणि जुन्या लुगड्याचे कपडे दिले. कपडे कोणाला दिसू नयेत म्हणून गोण्यांमागे वाळवायला सांगितलं. श्रावणाचे दिवस. तिथं ऊन नाही, वारा नाही. कपडा चार दिवसांतही वाळायचा नाही. ती एकदा म्हणाली, "आई, हे ओलंच राह्यते." मी म्हटलं, "आमी कसे दिवस काढले मंग?"

भादव्यात तिला ताप भरला. पोटात दुखायला लागलं, ती दुहेरी होऊन पडायची. मुलगा अकोटहून आला आणि आम्ही तिला अमरावतीला दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाईच होती. तपासून तिनं विचारलं, "कपडा वापरता का? वाळवता कुठं?"

मी म्हटलं, "गोण्यांमागं."

"गोण्यांमागं! काहून, अंगणात ऊन पडत नाही तुमच्या?" ती अमरावतीचीच असावी, आमच्यासारखीच बोलली. "ओल्या कपड्यात जंतू वाढतात, आजी. तेच आत गेले. पिशवीले सूज आली हिच्या. आणखी आठ दिवस घरी ठेवली असती तं काय झालं असतं, मी सांगू शकत नाही." मग मुलाकडे वळून म्हणाली, "दुसरं मूल पाहिजे असन तं आता वाट पाहा. राहीन का नाही, हे मी आज सांगत नाही."

मुलगा बाहेर जाऊन उभा राहिला. मी बाकावर बसले. चंची कमरेला होती, काढली नाही. मिरचीत रोग गेला तो माझ्या हातानं आणि हिच्यात गेला तो माझ्या तोंडानं, एवढं मला कोणी न सांगता कळलं. मिरचीच्या वेळी मला माहीत नव्हतं असं म्हणता येतं. चिंध्यांनंतर तसं म्हणता येत नाही.

दोन दिवसांनी तिचा ताप उतरला. दुपारी खोलीत आम्ही दोघीच होतो. मी म्हटलं, "त्या चिंध्या मी बदलल्या होत्या."

तिनं डोळे उघडले नाहीत. "मले मालूम हाये."

"कसं?"

"माह्या ट्रेमधी एका खणात दोन रोपं कवा राह्यले आई? तुमच्या डोळ्यात मोतीबिंदू हाये, तुमचे दोन-दोन जातात. त्या लाल चिंधीच्या ट्रेत सात खणात दोन-दोन होते."

"मंग बोलली काहून नाही?"

"लोकाइसमोर सासूले लबाड म्हणू का?" मग ती म्हणाली, "आन मले वाटलं तुमी सांगान. आज सांगान, उद्या सांगान. शेडमधी बसून तेच पाहून राहिली होती."

मी तिला माफ कर म्हटलं. ती म्हणाली, "मले सांगून काय फायदा? मले तं माहीतच होतं. ज्याइच्यासमोर बोलल्या, त्याइले सांगा." दवाखान्यातून ती सरळ मूर्तिजापूरला माहेरी गेली. मुलीलाही सोबत नेलं.

त्या पाची बाया एका वावरात कपाशी निंदत होत्या. मी कडेच्या धुऱ्यावर, बांधावर उभी राहिले आणि सांगितलं. चिंध्या कोणी बदलल्या, केव्हा बदलल्या, सून कशानं आजारी पडली, सगळं. मग एक म्हणाली, "म्हंजे इटाळ बुढीच्या हातालेच होता का व!" आणि बाकीच्या खो-खो हसल्या. मी हसू दिलं. एक मात्र हसली नाही. ती विळा हातात धरून उभी राहिली.

"मंग माही पोरगी दोन महिन्यांपासून गोठ्यात बसून राहिली, ते काय? तुमच्या ट्रेकडं पाहून बसवली मी तिले."

मी म्हटलं, "आजपासून घरात घे."

"मी नाही सांगत. मले तोंड नाही. तुमी या आन तुमीच सांगा तिले."

मी त्यांच्या घरी गेले. पोरगी नववीत. गोठ्यात पोत्यावर बसून अभ्यास करत होती. मी सांगितलं ते तिनं ऐकून घेतलं, पुस्तकं गोळा केली आणि घरात गेली.

संध्याकाळी मी सुनेला फोन लावला. "पाचीले सांगतलं," म्हटलं.

"मॅडमले?"

मॅडमला सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे मॅडमची मला सगळ्यांत जास्त लाज वाटत होती. बाया माझ्यासारख्याच, हसून मोकळ्या झाल्या. मॅडमला मात्र मी तिच्याच विद्येत खोटं पाडलं होतं.

"मॅडमले सांगा," सून म्हणाली. "मंग येते मी."

दुसऱ्या दिवशी फोन लावला. मॅडम उचलून "बोला आजी" म्हणाली, नेहमीसारखं, आणि मी म्हटलं, "मॅडम, तो लाल चिंधीचा ट्रे माहा होता." मग ती म्हणाली, "मी तेव्हापासून कुठल्याच गावात हे सांगितलं नाही, आजी. मला वाटलं माझंच काही चुकतंय." मी म्हटलं, "तुमचं नाही चुकलं." तिनं विचारलं, सून कशी आहे. मी सांगितलं. ऐकून तिनंच फोन ठेवला.

सून तिसऱ्या दिवशी एसटीनं आली, मुलीला घेऊन. तिचे पाळीचे कपडे आता अंगणातल्या तारेवर वाळतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसतात. लावणीला तिला चार घरांतून बोलावणं आलं, एका घरातून अजून नाही. डॉक्टरकडे तिची फेरी दर महिन्याला असते, सोबत तिचा नवरा जातो. मला ती नेत नाही. माझ्याशी कामापुरतं बोलते, आणि त्याहून जास्त तिनं बोलावं असं तिला म्हणायला माझी जीभ उचलत नाही.