वारा बघून बिडी

कारंज्याजवळच्या सागाच्या जंगलात आमचा एक लोखंडी मनोरा आहे. जंगल हवेतून किती कार्बन डायऑक्साइड घेतं आणि किती परत सोडतं, ते त्याच्यावरची यंत्रं मोजतात. मी दर आठवड्याला यंत्रं बघायला जातो. तिथला राखणदार चिमूटभर माती उडवून आधी वारा बघतो आणि मगच बिडी घेऊन पार नाल्यापलीकडे जातो. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवणाऱ्या बायांवर तो खेकसतो, "काहून जाळून राह्यल्या वं? मशीनले ठसका लागते!"

धूर आला की तेवढे आकडे आम्हाला गाळावे लागतात, हे मी त्याला एकदा सांगितलं होतं. तेव्हापासून आपला श्वासही यंत्रात जाईल म्हणून मनोऱ्याखाली तो माझ्याशीसुद्धा तोंडावर दुपट्टा धरून बोलतो. मला हसू येतं, पण तो काढायला सांगवत नाही.

परवा गेलो तर डोकं भादरून बसला होता. आई गेली होती. गावची स्मशानभूमी जंगलाला लागूनच आहे. मी काही बोलायच्या आत तोच म्हणाला, "भाऊ, मायले अग्नी देला तवा वारा इकडेच होता. धूर आला असन मशीनमदी."

मग त्यानं तोंडावरचा दुपट्टा खाली घेतला.

"तेवढा गाळू नका."