गुलाबी व्हायला दहा मिनिटं

माझ्या पायाला भिंगरी आहे, असं ताई लहानपणापासून म्हणायची. आणि नोकरी लागली ती पाणी तपासायची, म्हणजे नुसतं बसून वाट बघायची. भंडाऱ्याच्या प्रयोगशाळेत नळीतल्या पाण्यात औषध टाकायचं आणि दहा मिनिटं थांबायचं. पाणी गुलाबी झालं, की त्यात नायट्राइट आहे. मोठ्या माणसांना त्याचं फारसं काही वाटत नाही. वरच्या दुधावरच्या तान्ह्याचं मात्र रक्त बिघडतं, ओठ निळे पडतात.

साकोलीकडे ताईच्या घरी नात झाली, तीही पावडरच्या दुधावर. विहिरीला लागूनच शेणखताचा खड्डा! मला घोर लागला. तपासणी होईपर्यंत ताई दूरच्या हापशीवरून पाणी आणत होती. "विहिरीच्या पाण्याची बाटली बर्फात ठेवून आणा, नाहीतर वाटेतच नायट्राइटचं दुसरं काही होऊन बसेल," असं भाऊजींना मीच बजावलं. त्यांनी मासेवालीकडून बर्फ घेतला आणि एसटीनं बाटली आणली.

आल्या आल्या त्यांची परतीची घाई. "गाडी सुटते, लवकर सांग ना गा." मी तरी कुठे स्थिर होतो! गारठलेल्या पाण्यातच औषध टाकलं, तीनदा नळी उजेडात धरली. नितळ. दहा मिनिटं व्हायच्या आतच "साफ आहे," म्हणालो. ते गेले, मी चहाला गेलो.

परत येऊन नळी धुवायला घेतली, तर गुलाबी. थंड पाण्यात रंग सावकाश चढतो, हे नव्यानं येणाऱ्यांना मीच शिकवायचो.

ताईकडे फोन लागेना. पुढच्या एसटीत जागा असूनही मी दाराशी उभा राहिलो. लाखनीचा थांबा संपता संपेना. वाटभर स्वतःला शिव्या घातल्या.

पोहोचलो तेव्हा बाळाची दुधाची बाटली रिकामी पडली होती. "आज हापशीवर नाई गेली," ताई हसून म्हणाली. "तूच तं म्हनलं ना, पानी साफ हाये."

बाळाला उजेडात घेऊन मी ओठांकडे बघत बसलो. जरा निळसर दिसले, की दवाखान्याकडे धावायला चपला पायातच होत्या. दहा मिनिटं, वीस, तासभर. ओठ गुलाबीच राहिले. मी जागचा हललो नाही.

"काहून असा पाहून राहिला?" ताईनं विचारलं. मी सगळं सांगितलं.

तिनं घरातलं भरलेलं पाणी अंगणात ओतलं, हापशीवर जायला घागर उचलली आणि दारातून वळून विचारलं, "दहा मिनिटं बसवलं नाई का गा तुले?"