माटोळीचे हुक

तीस वर्षं मेस्त म्हणून, म्हणजे गवंडी म्हणून, घरं बांधतोय मी, आणि बावन्नाव्या वर्षी मला पणजीत बाकावर बसवून विचारलं, सिमेंट म्हणजे काय. सांगा आता! पण सरकारी कामं घ्यायची तर ठेकेदाराचं लायसन हवं, आणि लायसनच्या अर्जाला प्रशिक्षणाचा दाखला जोडायचा. सहा दिवस वर्ग, शेवटी लेखी आणि तोंडी परीक्षा. मी आठवी नापास. मुळगावातून सकाळची बस पकडून यायचो. बाकावर बसलं की हाताला घाम सुटायचा आणि पेन निसटायचं. पहिले दोन दिवस मी भ्यालो तो फक्त त्या परीक्षेला.

शिकवायला एक इंजिनिअर बाई होती, माझ्या मुलीच्या वयाची. तिसऱ्या दिवशी तिनं भांडी घासायचा एक जाड स्पंज आणला. त्याच्या कडेला पेनानं उभ्या रेघा मारल्या, एक टोक टेबलावर दाबून धरलं आणि बाहेर आलेलं टोक बोटानं खाली वाकवलं. वरच्या अंगाला रेघा एकमेकींपासून फाकल्या. खालच्या अंगाला चिकटल्या.

"ही तुमची बाल्कनी," ती म्हणाली. "खाली खांब नाही, नुसती भिंतीतून बाहेर आलेली. ती फाटते ती वरून. म्हणून मुख्य सळया वर पाहिजेत. त्या खाली दबल्या तर सळया असून नसल्यासारख्या. आणि सगळ्यात जास्त ताण कुठे? भिंतीपाशी."

बाकीचे वहीत उतरवून घेत होते. माझा हात जागच्या जागी थांबला. नकाशात सळया वर दाखवतात हे मला ठाऊक होतं. का, ते तीस वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं. विचारायला लाज वाटायची, दुसरं काय!

आता माटोळीचं सांगायला हवं. आमच्याकडे चवथीला गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला नारळ, सुपाऱ्यांचे घड, तवशी म्हणजे मोठ्या काकड्या, भोपळे, रानातली फळं बांधतात. ती माटोळी. चांगली जड होते. म्हणून स्लॅब घालतानाच तिच्यासाठी छतात हुक सोडायचे. माझी थोरली बहीण तुयेला दिली आहे. बाय म्हणतो मी तिला. सहा वर्षांपूर्वी तिचं घर मीच बांधलं. तिचा गणपती खालच्या हॉलात, रस्त्याकडच्या भिंतीला लागून बसतो. नेमक्या त्याच भिंतीवरून वरची बाल्कनी पाच फूट बाहेर येते. हुक भक्कम हवेत म्हणून मी ते बाल्कनीच्या जाड सळयांनाच अडकवले होते. हुक छताखाली पोचेनात, तेव्हा सळयाच पायानं दाबून खाली आणल्या आणि तारेनं करकचून बांधल्या. भिंतीपाशी. आणि शिवाय छाती फुगवून म्हणालो होतो, "बाय, या हुकाला माणूस लटकला तरी हलायचा नाही!"

मी उठून बाहेर व्हरांड्यात आलो. बायला फोन लावला. तिनं उचलला, आणि माझ्या तोंडून काय निघावं? "चवथीची तयारी कशी चाललीय?"

"बरी चल्ला रे," ती म्हणाली. "खाली हॉलात रंग काढतत. आज सांजचे बायलो येतल्यो फुगड्यांक. वर बाल्कनीतच घालतल्यो."

"आज नको," मी म्हणालो.

"तुका काय झाला? तू काय फुगडी घालतलंस?" ती हसली आणि फोन ठेवला. पुन्हा लावला तर उचलेचना. शरमेनं माझी जीभ आधी जड झाली, म्हणून हे असं झालं. दुसऱ्या कुणाचा यात दोष नव्हता.

वर्ग टाकून मी निघालो. म्हापशाला बस बदलली. दुसरी बस प्रत्येक थांब्याला रेंगाळायची आणि मी मनातल्या मनात ड्रायव्हरच्या सात पिढ्या उद्धारायचो. डोळ्यांसमोर तो स्पंज वाकत होता. मग वाटायचं, सहा वर्षं उभी आहे ना, मग आज कशी पडेल? लगेच दुसरं मन म्हणायचं, सहा वर्षांत तिच्यावर कधी एकदम आठ बायका नाचल्या? मी देवाला हाका मारत होतो. एरवी मी देवाच्या फारसा वाटेला जात नाही.

तुयेला उतरलो तेव्हा ऊन कलत होतं. घराच्या पायऱ्या धावत चढलो. बाल्कनीचं दार सताड उघडं, बाहेर अजून कुणी नव्हतं. बायका आतल्या खोलीत हसत पदर खोचत होत्या. मी गुडघ्यावर बसलो आणि बाल्कनीत अंथरलेली चटई गुंडाळली. भिंतीलगत, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लाद्यांच्या सांध्यात केसाएवढी भेग होती. नखानं चाचपली. नख आत गेलं.

"हय काय करतंस?" मागून बाय.

मी दारात आडवा उभा राहिलो. "कुणी बाहेर पाय टाकायचा नाही!"

"शुद्धीवर आसस मा?"

एवढ्या बायकांसमोर तिच्याशी असं बोललो म्हणून तिचा चेहरा लाल झाला. मग मी सगळं सांगितलं. स्पंज, सळया, हुक. कसं दाबलं, कुठल्या पायानं दाबलं, तेही सांगितलं. बायका एकेक करून निघून गेल्या. बाय कदेलीवर बसली, खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून.

"नातवाक मी रोज थयच घास भरवतंय," ती एवढंच म्हणाली.

त्याच संध्याकाळी बाल्कनीखाली लोखंडी टेकू लावून घेतले. दुसऱ्या दिवशी इंजिनिअर बाईला सगळं कबूल केलं. आता ही मला वर्गातून हाकलणार असं वाटलं होतं. ती वर्ग सुटल्यावर माझ्याबरोबर तुयेला आली. भेगेपाशी काँक्रीट फोडलं. जिथं बोटभर खाली सळई लागायला हवी तिथं लागली नाही. छिन्नी जात राहिली, जात राहिली. सळई सापडली ती जवळजवळ तळाला, माझी तार अजून तिच्याभोवती तशीच घट्ट. बाईनं बाल्कनी पाडायला सांगितली. पाडली.

परीक्षा झाली. तोंडी परीक्षेत मला बाल्कनीचाच प्रश्न आला आणि मी असं उत्तर दिलं की परीक्षक माझ्याकडे बघतच राहिले. दाखला मिळाला. तो दाखवायला बायकडे गेलो. तिनं तो हातात घेतला, वाचला नाही.

"असले हुक तू आणि खंय खंय घातलंस?" तिनं विचारलं.

मी बोटांवर मोजायला लागलो. ज्यांचा गणपती रस्त्याकडच्या भिंतीला बसतो आणि वर बाल्कनी आहे, अशी घरं. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हाताची चार झाली. बाय माझ्या बोटांकडे बघत होती.

"मगे हय कित्याक बसलंस?" ती म्हणाली.

चवथ दोन दिवसांवर होती. पहिलं घर डिचोलीचं. फाटकापाशी पोचलो तेव्हा वरच्या बाल्कनीतून फुगड्यांची गाणी ऐकू येत होती, पायांचा धपधप आवाज येत होता. बेल दाबायला हात उचलला तो हवेतच राहिला. लायसन नाही मिळालं तर नाही, पण हे लोक माझ्याकडे कसे बघतील? मग वर कुणीतरी जोरात उडी मारली, आणि मी बेल दाबली.

यजमानानंच दार उघडलं. हॉलात शिडी लावलेली, माटोळीची चौकट नुकतीच चढवलेली.

"ये रे मेस्ता!" तो खुशीत म्हणाला. "आत्ताच तुझं नाव काढलं. हुक असावेत तर असे!"

मी चपला काढल्या नाहीत. म्हटलं, "आधी वरच्या सगळ्यांना खाली बोलवा."