होडीच्या सांध्यातला कापूस

संपानंतर आमच्या ह्यांची गिरणी उघडलीच नाही. वीस वर्षं सूत कातायच्या खात्यात काढलेला माणूस आठ महिने अंधेरीच्या खोलीत बसून होता. माझ्या भावाने एका कारखान्यात वॉचमनची जागा बघून ठेवली होती. रविवारी संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. विषय काढला की हे भिंतीकडे तोंड करून झोपायचे. म्हणून त्या रविवारी सकाळी मी थालीपिठं बांधून घेतली आणि म्हटलं, "चला, मढचा किल्ला बघून येऊ." बाहेर भिंत नसते.

वर्सोव्याला फेरीबोटीने खाडी ओलांडली. पलीकडे बस मिळाली. किल्ल्याच्या पहारेकऱ्याने आत सोडलं नाही, तेव्हा तटाला बाहेरूनच एक चक्कर मारली. ऊन कोवळं होतं, वारा होता. तटाच्या सावलीत बसून थालीपिठं खाल्ली. ह्यांनी चक्क दोन जास्त मागून खाल्ली. आता विचारावं, असं मी ठरवत होते तोच हे उठले. "चालतच जाऊ गं धक्क्यापर्यंत."

वाटेत कोळीवाड्यापाशी खाडीच्या काठावर एक मोठी होडी ओढून ठेवली होती. एक म्हातारा कोळी फळ्यांच्या सांध्यांत तेल लावलेले कापसाचे पीळ हातोडीने ठासत होता. हे बघायला म्हणून सरळ शेजारच्या शिडीवरून होडीवर चढायला लागले.

"ए भाऊ! चपला घालून देवीच्या अंगावर चढतो काय?" म्हातारा ओरडला.

हे ओशाळून खाली उतरले. चपला काढल्या, होडीला हात लावून नमस्कार केला. मग खाली पडलेला एक पीळ उचलून दोन्ही चिमटींत ओढला. तो लगेच सुटला.

"कापूस आखूड आहे. पीळ वाढवा, नाहीतर पाणी शिरेल."

"मोठा आलाय शिकवायला! दे करून."

हे मांडी घालून बसले. बोटं भराभर चालायला लागली. म्हाताऱ्याने पहिला पीळ ओढून बघितला, पुन्हा ओढला, आणि कापसाचं पोतंच त्यांच्याकडे सरकवलं. दोन तास मी उलट्या टोपलीवर बसून खाडीतल्या होड्या बघत राहिले. इतकं निवांत मी कितीतरी दिवसांत बसले नव्हते.

निघताना म्हातारा म्हणाला, "आठ दिवसांचं काम आहे. येशील?"

परतीच्या बोटीत हे म्हणाले, "तुझ्या भावाला नाही म्हणून सांग."

"आणि आठ दिवसांनंतर?"

"काठावर अजून तीन होड्या आहेत. मी मोजल्यात."

मी बरंच बोलणार होते. पण ह्यांच्या बोटांना तेल आणि कापूस चिकटला होता आणि ते तो काढत नव्हते. घरी येऊन मी भावाला 'नाही' म्हणून कळवलं आणि उद्याच्या डब्याची भाजी निवडायला घेतली.