अर्धा गुण कमी

सकाळचा चहा निवेपर्यंत तो एक कार्ड काढायचा. कपाटावर बुटांची चार खोकी होती. त्याने पाहिलेला प्रत्येक चित्रपट आणि शेवटापर्यंत खेळलेला प्रत्येक व्हिडिओ गेम त्या खोक्यांत होता. एकेका जाड कार्डावर नाव, तारीख, दहापैकी गुण आणि एक ओळ. न बघता हात घालायचा, हाताला लागेल ते कार्ड वाचायचा, खिडकीबाहेर बघत क्षणभर थांबायचा आणि बहुतेक वेळा अर्धा गुण कापायचा. गुण वाढवताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं. मग निवलेला चहा एका घोटात संपवून कामाला जायचा.

त्याला सगळे ‘परीक्षक’ म्हणत. हे नाव मेहुणीने ठेवलेलं. लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात त्याने तिच्या लाडक्या नटाला ‘इस्त्री केलेला चेहरा’ म्हटलं होतं, आणि ती म्हणाली होती, “ताई, तुला नवरा नाही मिळाला, परीक्षक मिळालाय. आता रोज पेपर दे.”

दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देणाऱ्या एका कारखान्यात तो कामाला होता. मेणात दात बसवायचे, छटांच्या पट्टीशी ताडून रंग जुळवायचा, पुढच्या दोन दातांत केसाएवढी फट मुद्दाम ठेवायची, म्हणजे कवळी खरी वाटते. त्यामुळे पडद्यावरही त्याची नजर आधी दातांवर जायची. दुष्काळावरच्या एका गाजलेल्या नव्या चित्रपटाला त्याने तीन गुण दिले होते आणि लिहिलं होतं : ‘चार वर्षं उपाशी माणसं, आणि एकाचाही दात किडलेला नाही.’ जुन्या चित्रपटांत निदान दात माणसांचे असायचे, असं त्याचं मत. नव्या गेमबद्दलही तो असाच बोलायचा. “जग एवढं मोठं करून ठेवलंय, आणि करायचं काय? याचं पत्र त्याला पोचवा. खेळ आहे की टपालखातं?”

हे सगळं तो बायकोला सांगायचा. ती लाँड्रीत काउंटरवर बसायची आणि गर्दी असली की इस्त्रीलाही उभी राहायची. संध्याकाळी दोघं टीव्हीसमोर बसत. चित्रपट असला तर ती शेजारी, गेम असला तर दुसरा कंट्रोलर तिच्या हातात. त्यांचा आवडता गेम वीस वर्षं जुना होता. एका दोरीला बांधलेले दोन गिर्यारोहक, आणि एक घसरला की दुसराही खाली. ती नेहमी घसरायची. “अगं, सांभाळ!” तो ओरडायचा, आणि ती म्हणायची, “अहो, तुम्ही ओढता म्हणून पडते मी.” तो बोलायचा आणि ती ऐकायची. वीस वर्षं त्याला एवढंच ठाऊक होतं.

मग चौकातल्या वाचनालयाने शनिवारी संध्याकाळी चित्रपट दाखवायला सुरुवात केली.

“ग्रंथपाल बाई काउंटरवर आल्या होत्या,” बायकोने एकदा भाजी चिरताना सांगितलं. “चित्रपटाआधी दहा मिनिटं कुणी बोलेल का, विचारत होत्या. मी तुमचं नाव सांगितलं.”

“दहा मिनिटं?” तो हसला. “दहा मिनिटांत मी काय बोलणार, माझं कपाळ? सांग त्यांना, जमणार नाही.”

आता बाई स्वतः येतील, दारात उभ्या राहून गळ घालतील, आणि मग आपण अर्ध्या तासावर तडजोड करू, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं. बाई आल्या नाहीत. पुढच्या आठवड्यात बायको म्हणाली, “त्या मलाच बोल म्हणतायत. बोलू का?”

“बोल की,” तो म्हणाला. त्याला वाटलं, दुसऱ्या वाक्याला अडेल.

ती अडली नाही. पहिल्या शनिवारी तो गेलाच नाही. सोमवारी कारखान्यात शेजारच्या टेबलावरचा जोडीदार मेण तापवता तापवता म्हणाला, “काय परीक्षक, वहिनींनी मैदान मारलं म्हणे! आमची ही तर घरी येऊन तेच तेच सांगतेय.”

“माझंच ऐकून ऐकून बोलते ती,” परीक्षक म्हणाला. “वीस वर्षं शिकवणी चाललीये घरात.”

“असेल बुवा. पण शिकवणीवाल्याला कुठं बोलावलं नाही कुणी.”

त्या दिवशी त्याने एका कवळीत सुळा उलटा बसवला. तीस वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या शनिवारी तो गेला आणि मागच्या ओळीत खांबाआड बसला. त्या दिवशी चित्रपट नव्हता. वाचनालयाने मोठ्या पडद्यावर एक नवा गेम लावला होता, गावंच्या गावं असलेला. ती उभी राहिली. साडीचा पदर नीट करण्याची तिची सवय त्याला माहीत होती. तो आवाज मात्र नवा होता.

“या गेममध्ये पाऊस फार सुंदर पडतो,” ती म्हणाली. “पण एक बघा. पाऊस आला की कुणी आडोशाला पळत नाही, कुणी वाळत घातलेले कपडे काढत नाही. मी लाँड्रीत असते ना, मला ते लगेच दिसलं. या गावात पाऊस आहे, पण भिजणारं कुणी नाही.”

लोक हसले. पुढच्या ओळीतल्या एका म्हाताऱ्याने मान डोलावली. हा गेम त्या दोघांनी मिळून खेळला होता, पंधरा दिवस, एकाच सोफ्यावर. हे तिला तेव्हाच दिसलं होतं. मग तिने ते त्याला का सांगितलं नव्हतं? लोकांच्या टाळ्यांपेक्षा हे त्याला जास्त झोंबलं. आपल्या घरातली वस्तू कुणीतरी परस्पर वाटून टाकावी, तसं झालं त्याला.

घरी येऊन त्याने चारही खोकी जमिनीवर पालथी केली. कुठल्यातरी कार्डावर ते पावसाचं वाक्य असणार, त्याने स्वतः कधीतरी लिहिलेलं. दोन दिवस शोधलं. सापडलं नाही. मग त्याला वाटलं, आजवरचं नसेल, पण पुढचं तरी ती इथूनच उचलेल. आणि त्याने सापळा लावला.

येत्या शनिवारी नावाड्यावरचा एक जुना कृष्णधवल चित्रपट होता. दोघांनी तो दोनदा पाहिलेला. शेवटी नावाडी होडी काठाला बांधतो, गाठ दोनदा ओढून बघतो आणि घरी जातो. परीक्षकाने नवं कार्ड घेतलं आणि लिहिलं : ‘शेवटी नावाडी होडी पेटवून देतो. चित्रपटातला एकमेव खरा उजेड. साडेआठ.’ कार्ड टेबलावर ठेवलं, तिला दिसेल असं. ही आग तिच्या तोंडून बाहेर पडली की तिची चोरी सगळ्यांसमोर उघडी पडणार होती.

शनिवारी तो खांबाआड बसला नाही. दुसऱ्या ओळीत बसला.

“आमच्या घरी या चित्रपटाबद्दल दोन मतं आहेत,” ती म्हणाली. “एक म्हणतं, शेवटी नावाडी होडी जाळतो. मला मात्र तो होडी बांधताना आठवतो. आता माझ्यापेक्षा आमच्या यांची नजर पक्की, तुम्हाला माहीतच आहे. म्हणून आज शेवट नीट बघा, आणि मी चुकले असेन तर मला सांगा.”

सगळ्यांनी वळून त्याच्याकडे बघितलं. त्याने मान खाली घातली नाही, कारण खाली घातली असती तर ती पुन्हा वर आली नसती. पावणेदोन तास तो तसाच बसला. शेवटी पडद्यावर नावाड्याने होडी बांधली आणि गाठ दोनदा ओढून बघितली.

“अहो परीक्षक, आग कुठं लागली?” कारखान्यातला जोडीदार मागून ओरडला, आणि सगळं वाचनालय खो खो हसलं. ती हसली नाही.

घरी येऊन तिने दार लावलं आणि विचारलं, “तुम्ही असं का लिहिलंत?”

“चुकून.”

“तुम्ही दातसुद्धा चुकून बसवत नाही.”

उलटा सुळा त्याला आठवला.

“मी तुमची सगळी कार्डं वाचते,” ती म्हणाली. “पहिल्यापासून. जे तुम्ही लिहिलंय ते मी कुठं बोलत नाही. तुमचं तुम्ही बोलाल म्हणून सोडून देते. उरतं तेवढंच माझं.”

“आणि ते पावसाचं? ते मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं होतं हो. तुम्ही म्हणालात, गप, लेव्हल चाललीये.”

त्याला ते आठवेना. म्हणजे खरंच असणार, हे त्याला कळलं.

त्यानंतर तो दर शनिवारी गेला. दुसऱ्या ओळीत बसायचा आणि एक शब्द बोलायचा नाही. मत्सर मात्र गेला नाही. लोक तिच्याभोवती जमायचे तेव्हा तो तिची पिशवी हातात धरून उभा राहायचा आणि तिच्याशी कोण जास्त वेळ बोलतंय ते मोजायचा. त्या म्हाताऱ्याला त्याने मनातल्या मनात दोन गुण दिले होते. फरक पडला तो घरी. चित्रपट संपला की तो लगेच बोलायचा नाही. पेन उघडून बसायचा आणि जरा कुरकुरतच विचारायचा, “हं, तुझं आधी सांग. शनिवारी मला सगळ्यांबरोबर ऐकायचं नाहीये.”

ती सांगायची. तो कार्डावर एक ओळ स्वतःची लिहायचा आणि खाली, अक्षर जरा बारीक करून, एक तिची. पुढे सकाळी अशी कार्डं हातात आली तरी तो खिडकीबाहेर बघायचा आणि अर्धा गुण कापायचाच.

असं सहा वर्षं चाललं. मग एका मंगळवारी तो कामावर गेला आणि दुपारी मेणाच्या टेबलाशी बसल्या बसल्याच गेला.

त्या सकाळी त्याने चहा संपवला होता, कार्ड परत खोक्यात टाकलं होतं. आदल्या संध्याकाळी, दोरीच्या त्या जुन्या गेममध्ये, ते दोघं डोंगराच्या शेवटच्या कड्यापाशी थांबले होते. इतकं वर ते कधीच पोचले नव्हते. चप्पल घालता घालता तो दारातून म्हणाला,

“मला यायला उशीर होईल. माझ्याशिवाय पुढं चढू नकोस हं. मला कळतं.”