खाडीपारचे रिव्हिजनकाका

रिव्हिजनकाकांच्या दारावरच्या पाटीवर, उजव्या कोपऱ्यात अगदी खाली, मोहरीएवढ्या अक्षरात 'सी' लिहिलेलं होतं. डोंबिवलीत पाटीवर आडनाव असतं, त्याखाली पदवी, फार तर एखादा गणपती. हा 'सी' कशाचा, असं त्यांच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा मी विचारलं, तर काका आत गेले आणि एक फाइल घेऊन आले. पाटीची फाइल. ए म्हणजे घर घेतलं तेव्हाची मूळ पाटी. बी म्हणजे घंटेचं बटण डावीकडून उजवीकडे नेलं, म्हणून पाटीवरचा बाण फिरवला. आणि सी: 'पत्नीचे नाव घातले.' पुढे 'कारण' असा रकाना होता. त्यात लिहिलं होतं, 'आधीच घालायला हवे होते.'

"बावीस वर्षांनी सुचलं हो त्यांना," काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"उशिरा सुचलं, पण नोंद आहे ना?" काका म्हणाले.

काका ठाण्याच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, कारखाना बंद पडेपर्यंत. यंत्राच्या नकाशाच्या कोपऱ्यात एक तक्ता असतो. नकाशात काहीही बदललं, की त्या तक्त्यात एक ओळ वाढते: बदल काय, कारण काय, काढला कोणी, तपासला कोणी, मंजूर कोणी केला. प्रत्येक ओळ म्हणजे एक 'रिव्हिजन', आणि तिला एकेक अक्षर, ए, बी, सी असं चढत जाणारं. त्यात आय आणि ओ गाळतात, कारण घाईत ते एक आणि शून्य वाचले जातात. कारखाना सुटला, पण काकांचा तक्ता काही सुटला नाही. त्यांच्याकडे चिवड्याच्या कृतीचंसुद्धा 'एफ' चालू होतं.

आमची गाठ पडली ती भांडणातून. इंटरनेट आमच्या घरांत यायच्या आधीचे दिवस. माझ्या मित्राने, शिरीषने, आपल्या घरचा कॉम्प्युटर टेलिफोनला जोडून त्याचा बोर्ड केला होता. बाकीच्यांनी आपापल्या घरून त्याचा नंबर फिरवायचा, आणि एका वेळी एकाने आत शिरून निरोप ठेवायचे, खेळ खेळायचे. वेळ दुपारी दोन ते पाच, शिरीषची आई कामावरून परत येईपर्यंत. मी ठाण्याला वर्तकनगरातून फिरवायचे. या बोर्डावर आम्ही 'खाडीपार' नावाचा एक खेळ रचला होता. चित्रं नाहीत, नुसता मजकूर, तोही इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत. गाव, बंदर, मिठागर, होडी. ज्याला वाटेल त्याने आपली जागा लिहून खेळात घालायची. बारा-तेरा जण लिहीत होतो आणि दिवसागणिक गाव वाढत होतं.

काका शिरीषच्या खालच्या मजल्यावर राहत. त्यांच्या घरी फोन नव्हता. पुण्याच्या मुलीला त्यांनी शिरीषचाच नंबर दिलेला होता, आणि ती दुपारीच फोन करायची. सलग आठ दिवस नंबर लागेना, तेव्हा काका वर आले. शनिवार असल्यामुळे मीही तिथे होते.

"काय करता काय रे तुम्ही त्या फोनचं?"

शिरीषने घाबरून कॉम्प्युटरचा पडदा दाखवला. काकांनी चष्मा वर केला आणि बराच वेळ वाचलं.

"या गावाचा नकाशा कुठाय?"

"नकाशा नाही काका. ज्याने जे लिहिलं ते लिहिलं."

"मग खाडी बंदराच्या कुठल्या बाजूला, हे ठरवलं कोणी?"

"लिहिलं त्याने."

"आणि उद्या त्याने बदललं तर?"

"तर जुनं पुसलं जातं."

"पुसलं जातं?" काका खुर्ची ओढून बसले. "अरे, मग हे गाव आधी कसं होतं ते कोणाला कळणार?"

कोणाला कळायला हवं होतं, हे आम्हाला माहीत नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी काका ट्रेसिंग पेपरची गुंडाळी आणि शाईची पेनं घेऊन हजर झाले. मुलीच्या फोनसाठी तीन ते सव्वातीन लाइन मोकळी ठेवायची, एवढ्या अटीवर त्यांचं भांडण मिटलं.

काका खेळ कधीच खेळले नाहीत. होडीत बसले नाहीत, मिठागरातला खजिना शोधला नाही. ते फक्त विचारायचे. एखाद्याने विहीर देवळामागून पुढे आणली, की त्याला शिरीषकरवी निरोप जायचा: का आणली? "अशीच" हे उत्तर चालत नसे. कल्याणच्या एका मुलाने वैतागून लिहिलं, 'मागे असताना बायकांना लांब पडतं.' काकांनी ते जसंच्या तसं कारणात उतरवलं आणि दिवसभर खूश होते. चुकलेली रेघ ते दाढीच्या अर्ध्या ब्लेडने अशी खरवडत, की कागदाला कळत नसे. पण तक्त्यात ब्लेड लावायचं नाही, असा दंडक होता. "नकाशा खरवडा हवा तेवढा. तक्ता खरवडलात तर मग बसून चित्रंच काढा."

तक्त्यातला शेवटचा रकाना मात्र त्यांनी आमच्यासाठी बदलला. 'मंजूर' खोडून 'पाहिले' केलं. "तुमच्या खेळात मंजुरी द्यायला मी कोण? बदल झाला, तो मी पाहिला, एवढंच म्हणेन," असं ते म्हणाले. आणि पाहिल्याशिवाय ते 'पाहिले'खाली सही करत नसत. शिरीष म्हणायचा, "काका, अहो सही टाका ना, किरकोळ आहे." मग एकदा त्यांनी सांगितलं. कारखान्यात एका दुपारी, डबा उघडायच्या घाईत, त्यांनी न बघता एका नकाशावर सही केली. भोकं चुकीच्या जागी पडली, अख्खा माल भंगारात गेला, आणि दोष आला नकाशाबरहुकूम काम करणाऱ्या फिटरवर. काकांनी साहेबांकडे जाऊन कबूल केलं, तोवर त्याला घरी बसवलेलं होतं. "परत घेतला त्याला. पण माझ्याकडे बघून तो पुन्हा कधी हसला नाही," काका म्हणाले. त्यानंतर सहीची घाई कोणी केली नाही.

खाडीपारमधली सगळ्यात झकास गोष्ट म्हणजे भरती-ओहोटी. ती आली दामूमुळे. दामू शिरीषच्या वर्गातला, खाडीकाठच्या मोठागावच्या कोळ्यांचा. त्याच्याकडे फोन नव्हता आणि कॉम्प्युटरही नव्हता. तो शिरीषकडे येऊन बसायचा. एकदा खेळातली होडी बघून तो खो खो हसला.

"ह्या टायमाला होडी चालवताय? आत्ता खाडीत चिखल हाय सगळा."

मग त्याने हिशोब सांगितला. तिथीची पाऊणपट केली, की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता. पण ती मुंबईच्या समुद्राची झाली. पाणी खाडीतून आत चढत आपल्याकडे यायला आणखी दीड तास धरायचा. मी ते प्रोग्रॅममध्ये बसवलं. दोन संध्याकाळी खपले. त्यानंतर खाडीपारमधलं पाणी बाहेरच्या खाडीबरोबर चढू-उतरू लागलं. खेळणारे घरातल्या पंचांगात तिथी बघून फोन फिरवायला लागले. ओहोटी लागली तर होडी अडकायची, पण चिखलातून मिठागरापर्यंत चालत जाता यायचं. काकांनी त्याला 'एच' दिला. त्यानंतरच्या बदलाला 'आय' गाळून 'जे'.

पुढे ठाण्याच्या एका कॉम्प्युटर क्लासने स्पर्धा ठेवली: स्वतः बनवलेला प्रोग्रॅम आणा. मी खाडीपार नेला. फॉर्मवर 'निर्माता' या शब्दापुढे एक रेघ होती. मी त्या रेघेवर माझं नाव लिहिलं. टायपिंग माझं होतं, रात्रीचं डोकं माझं दुखलं होतं, असं मी स्वतःला बजावलं. पहिला नंबर आला. परीक्षकांनी भरती-ओहोटीचं फार कौतुक केलं आणि ही कल्पना कशी सुचली म्हणून विचारलं. मी म्हटलं, "सुचली." एका स्थानिक साप्ताहिकात फोटो आला, 'एकटीने रचले अख्खे गाव' अशा मथळ्याखाली. त्या क्लासने मला नोकरीही दिली.

दामूने तो फोटो शिरीषकडे पाहिला. मी समोरच होते.

"बरा आलाय फोटो," तो म्हणाला. त्यानंतर तो यायचा बंद झाला.

काका रागावतील अशी माझी अपेक्षा होती. रागावले असते तर मला भांडता आलं असतं. त्यांनी नकाशा पसरला, 'एम'ची ओळ आखली आणि लिहिलं, 'बदल: निर्माता एकच दाखवला.' मग पेन हातात धरून माझ्याकडे बघितलं.

"कारण?"

"फॉर्मवर जागा एकच होती."

त्यांनी सुरेख अक्षरात लिहिलं, 'फॉर्मवर जागा एकच होती.' 'काढले'खाली माझी सही घेतली, 'तपासले'खाली शिरीषची. स्वतः पूर्ण ओळ दोनदा वाचली आणि 'पाहिले'खाली सही केली. काकूंनी चहा आणला तो मी अर्धा टाकून उठले. मला त्या माणसाचा तेव्हा भयंकर राग आला होता.

त्यानंतर खेळ रोडावला. शिरीष नोकरीसाठी बंगलोरला गेला, बोर्ड बंद झाला, कॉम्प्युटर विकला. फ्लॉप्यांना बुरशी लागली. काका-काकू घर विकून गुहागरकडे आपल्या गावी निघाले तेव्हा मी निरोपाला गेले. सामान बांधून झालं होतं. दारावरची पाटी काढलेली होती, फक्त स्क्रूची चार भोकं. काकांनी पत्र्याचा एक लांब डबा माझ्या हातात दिला.

"खाडीपार आहे. सगळी रिव्हिजनं. सवडीने बघ."

"काका, माझ्याकडे कशाला? शिरीषला द्या."

"तुझ्याकडेच असू दे."

मी तो डबा घरी नेऊन माळ्यावर टाकला. तीन वर्षं उघडला नाही. आत 'एम' आहे हे मला माहीत होतं, आणि ते वाचायची माझी हिंमत नव्हती. काका वारल्याचं शिरीषच्या आईने बाजारात सांगितलं, त्या दिवशी मी तो उतरवला.

सगळं गाव होतं. विहीर देवळामागची, विहीर देवळापुढची. बायकांना लांब पडतं. कुठे कोणाचं बंदर होतं, कोणी हलवलं, का हलवलं. फ्लॉप्या मेल्या होत्या, पण या कागदांवरून खेळ पुन्हा उभा करता आला असता. शेवटच्या कागदावर 'एम', आणि त्याखाली आणखी एक ओळ आखलेली होती. 'एन'. बदल: कोरं. कारण: कोरं. काढले, तपासले: कोरं. आणि शेवटच्या चौकटीत, 'पाहिले'खाली, काकांची सही.

मी जमिनीवर बसून रडले. मग पेन शोधलं आणि ती ओळ भरली. 'बदल: भरती-ओहोटीचा हिशोब दामूचा. कारण: आधीच घालायला हवे होते.' 'काढले'खाली माझी सही. आता 'तपासले' उरलं. आपण काढलेलं आपण तपासायचं नसतं, तेव्हा डबा घेऊन मी मोठागावला गेले.

दामू आता एका शाळेत गणित शिकवत होता. त्याने मला ओळखलं, आत घेतलं, पण बस म्हणाला नाही. मी कागद उघडून त्याच्यासमोर ठेवला. त्याने 'एम' वाचलं. मग 'एन' वाचलं.

"चूक हाय," तो म्हणाला.

"काय चूक?"

"हिशोब माझा कुठंय? आयचा हाय. दीड तास धरायचा ते तिने सांगितलं. मी नुसता तुला येऊन बोललो."

त्याची आई ओट्यावर जाळं विणत बसली होती. तिला त्याने ओरडून सांगितलं, की तुझं नाव नकाशावर घालतायत. ती म्हणाली, "माजं कशाला? पानी काय माजं हाय?" आणि विणत राहिली. मी तिचं नाव विचारलं. चांगुणाबाई. दामूला आम्ही अख्खा हिशोब विचारला होता, पण हे कोणी विचारलं नव्हतं.

तक्ता खरवडायचा नसतो. मग दामूने 'एन'ला 'तपासले'खाली सही केली, चूक आहे असा शेरा मारून, आणि मी खाली नवी ओळ आखली. ओ गाळून 'पी'. 'बदल: हिशोब दामूचा नव्हे, त्याची आई चांगुणाबाई यांचा.' कारण तेच. माझी सही झाली, दामूची झाली. तोवर त्याने मला बसायला पाट दिला होता.

'पाहिले'ची चौकट कोरी राहिली.

"काकांच्या नावाने मारू का एक?" दामूने विचारलं.

मी नको म्हटलं. न बघता सही काकांनी जन्मात दोनदाच केली. पहिलीचा त्यांना शेवटपर्यंत पस्तावा होता. दुसरी माझ्या भरवशावर केलेली होती.